झुळुकेची डावी बाजू

झुळूक नावाच्या नशेच्या गोळीने शहरात जेवढा गोंधळ घातला, त्याच्या दसपट गोंधळ तिच्याबद्दलच्या गप्पांनी घातला. गोळी प्रत्यक्ष पाहिलेली माणसं मोजून वीस-पंचवीस असतील. त्यातली दोन दवाखान्यात पडून होती आणि बाकीची ब्र काढायला तयार नव्हती. ज्यांनी गोळी बापजन्मात पाहिली नव्हती, त्यांच्या तोंडाला मात्र धरबंध राहिला नव्हता. कुणी म्हणालं, झुळूक घेणाऱ्याच्या कोपराला हिरवट डाग पडतो. झालं! भर उन्हाळ्यात लोक लांब बाह्यांचे शर्ट घालून हिंडायला लागले, आणि लांब बाह्या दिसल्या की बाकीचे संशयाने बघायला लागले. एका शाळेत मुख्याध्यापकांनी पहिल्या तासाआधी सगळ्या मुलांची कोपरं तपासली आणि सत्तावीस जणांना घरी पाठवलं. ती सगळी मुलं नुकत्याच हिरव्या रंगवलेल्या बाकांवर बसणारी होती, हे शिपायाने सांगितलं तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

हे सगळं निस्तरायचं काम आरोग्य विभागातल्या पत्रकबाईकडे आलं. तिला सगळे पत्रकबाईच म्हणत, कारण गेली नऊ वर्षं ती एकच काम करत होती, लोकांना शहाणं करणारी पत्रकं लिहिण्याचं. डास कुठे होतात, हात कसे धुवावेत, पाणी किती वेळ उकळावं. शहर तिची पत्रकं इमानेइतबारे घ्यायचं आणि घरी नेऊन त्यात जुन्या चपला गुंडाळून ठेवायचं. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण ती हार मानणारी नव्हती. खोट्याची तिला मनापासून चीड होती. एखादी थाप कानावर पडली की तिच्या नाकपुड्या फुगायच्या, मग ती थाप दूधवाल्याने मारलेली असो की खुद्द साहेबांनी.

घरी मात्र तिच्या शहाणपणाची डाळ शिजत नव्हती. घरात सासूबाई होत्या आणि सासूबाईंच्या डोक्यात मावशी होती.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी सख्खी बहीण. दोघी एकाच शहरात, मधे बसचे दोन थांबे, आणि अकरा वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. कारण काय, तर फोटो. पत्रकबाईच्या लग्नात सगळ्यांचा मिळून जो फोटो काढला, त्यात ऐन वेळी मावशीने केस सारखे करायला हात वर केला आणि तिचं कोपर सासूबाईंच्या तोंडापुढे आलं. फोटोग्राफरने दुसरा फोटो काढलाच नाही. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत तो भिंतीवर टांगलेला आहे. नवरा, नवरी, दोन्हीकडचे नातेवाईक, आणि एका गुबगुबीत कोपराच्या वर सासूबाईंचा अंबाडा. "पोटच्या पोराच्या लग्नाला मी हजर होते असं कोण म्हणेल?" असं त्या आल्यागेल्याला विचारत. मावशीने तेव्हाच माफी मागितली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मावशी म्हणाली, "ताईने उंच टाचांच्या चपला घालायच्या होत्या." त्या दिवसापासून या घरात मावशीचं नाव कोपर पडलं.

आणि आता ही मावशी शहर सोडून चालली होती. तिच्या मुलाने लांबच्या गावी घर घेतलं होतं आणि येत्या रविवारी तो तिला कायमचं घेऊन जाणार होता. ही बातमी आल्यापासून सासूबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा आणि दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात. "जाऊ दे की त्या कोपराला, माझं काय अडलंय!" असं त्या दिवसातून चारदा म्हणायच्या, कुणी काही विचारलेलं नसताना. पत्रकबाईला त्यांची दया यायची. दोघींची वयं मिळून दीडशे. एकदा गाडी सुटली की पुन्हा भेट कसली होते? पण "आई, एकदा जाऊन या ना," असं नुसतं म्हटलं तरी सासूबाई उठून दुसऱ्या खोलीत जायच्या.

तर घरी हे असं, आणि ऑफिसात झुळूक.

पत्रक लिहिताना पत्रकबाईचा एक नियम होता. तिने तो स्वतःच केला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. कुठलीही अफवा तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकल्याशिवाय यादीत घ्यायची नाही. एकाच्या डोक्यातलं खूळ खोडायला सरकारी कागद कशाला वाया घालवायचा? त्यासाठी तिच्याकडे एक वही होती. प्रत्येक अफवेपुढे तीन चौकटी आणि एकेका तोंडाला बरोबरची एकेक खूण. आठवडाभर ती न्हाव्याच्या दुकानाबाहेर, बसच्या थांब्यावर आणि इस्त्रीवालीच्या टेबलापाशी कान टवकारून बसली. झुळुकेने टकलावर केस येतात. झुळूक घेतलेल्या माणसावर कुत्री भुंकत नाहीत. डाव्या कानात बारीक गुणगुण ऐकू येते. गणित सुधारतं. लिंबाची फोड कपाळावर धरली की नशा उतरते. अशा नऊ अफवांच्या तिन्ही चौकटी भरल्या. दहावीला दोनच खुणा होत्या, एक न्हाव्याची आणि एक इस्त्रीवालीची, आणि पत्रकात दहा मुद्दे असलेच पाहिजेत असा साहेबांचा हट्ट होता.

त्याच संध्याकाळी सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "अगं, ती झुळूक का काय ती घेतली की जुनी भांडणं विसरायला होतात, असं म्हणतात. खरं का गं?"

पत्रकबाईचा हात आपोआप वहीकडे गेला. तिसरं तोंड! "छे हो आई, काहीतरीच," असं म्हणत तिने चौकटीत खूण केली, सातव्या क्रमांकावर तो मुद्दा बसवला आणि समाधानाने वही मिटली. सासूबाईंनी हे सांगितलं नव्हतं, विचारलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. कशासाठी विचारलं, हे तर त्याहून नाही.

पत्रक झोकात झालं. डाव्या बाजूला दहा अफवा, उजव्या बाजूला प्रत्येकीसमोर खरं काय ते. उजवी बाजू लिहायला तिने प्रयोगशाळेचा अहवाल पाठ केला होता. तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडतं, वेळेचं भान सुटतं, अर्धा तास तीन तासांसारखा वाटतो, आणि हृदयाचं दुखणं असलेल्यांच्या जिवाला धोका असतो. डाव्या बाजूला तिने ठसठशीत अक्षरांत "गैरसमज" असं शीर्षक दिलं होतं. ते साहेबांना खटकलं.

"गैरसमज म्हटलं की लोकांना राग येतो हो," साहेब म्हणाले. "गोड बोला. डावीकडे लिहा, 'झुळुकेबद्दल लोक काय म्हणतात'. उजवीकडे, 'विभाग काय म्हणतो'. आणि आपला शिक्का डावीकडे खाली घ्या. उजवीकडे गर्दी झालीये."

शिक्क्यावर लिहिलेलं होतं, "पूर्ण तपासणी करून प्रसिद्ध". पत्रकबाईच्या नाकपुड्या जराशा फुगल्या, पण साहेबांपुढे कोण बोलणार? शिक्का डावीकडे आला.

आता पत्रक लोकांनी वाचावं कसं? इथे तिला नामी युक्ती सुचली. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या एकशे बारा लिफ्ट त्याच्या हाताखालच्या. लिफ्टमध्ये माणूस दुसरं काय करतो? शेजारच्याची नजर चुकवायला समोर असेल ते वाचतो. प्रत्येक लिफ्टमध्ये आरशाशेजारी सूचनेची काचेची चौकट असते, तिच्यात पत्रक सरकवलं की काम फत्ते. नवरा एका शब्दाने तयार झाला. बायकोच्या कामाचं त्याला कौतुक होतं, आणि हात तर असे नेटके की स्क्रूसुद्धा सगळे एकाच दिशेला खाच करून बसवायचा. बुधवार-गुरुवार दोन दिवसांत त्याने एकशे बारा लिफ्ट उरकल्या.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी पहिला फोन आला.

"ती झुळूक केसांसाठी किती दिवस घ्यायची?" एका गृहस्थांनी विचारलं. "माझं टक्कल मागच्या बाजूला आहे. मागच्या बाजूला वेगळी असते का?"

पत्रकबाईने त्यांना झापून फोन ठेवला तोच दुसरा. शेजाऱ्याच्या कुत्र्याने नाकी नऊ आणले होते, तर गोळी आपण घ्यायची की कुत्र्याला घालायची? मग एका आईचा. मुलाची गणिताची परीक्षा सोमवारी आहे, आजपासून सुरू केली तर चालेल ना? अकरा वाजेपर्यंत एकतीस फोन झाले. औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्याची बातमी शिपायाने आणली.

"अहो, पण हे तुम्हाला सांगितलं कुणी?" बत्तिसाव्या फोनवर ती अक्षरशः किंचाळली.

"तुम्हीच की," पलीकडचा माणूस दुखावून म्हणाला. "आमच्या लिफ्टमध्ये लिहिलंय. शिक्क्यासकट!"

ती तशीच धावत शेजारच्या इमारतीत गेली आणि लिफ्टमध्ये शिरली. आरशाशेजारी चौकट, चौकटीत तिचं पत्रक. म्हणजे अर्धं पत्रक. "झुळुकेबद्दल लोक काय म्हणतात", खाली दहाच्या दहा अफवा ओळीने, आणि त्याखाली, "पूर्ण तपासणी करून प्रसिद्ध". उजवी बाजू मागे दुमडलेली, भिंतीकडे तोंड करून गप्प. पत्रकबाईने कपाळावर हात मारून घेतला. तिच्यासोबत वर निघालेले एक आजोबा म्हणाले, "वाचलंत का? आता सरकारनेच सांगितलंय म्हटल्यावर..."

तिने नवऱ्याला फोन लावला.

"चौकट वीतभर रुंद आहे गं," तो शांतपणे म्हणाला. "तुझा कागद दोन वीत. कापायचं जिवावर आलं माझ्या, एवढी तुझी मेहनत. म्हणून मधोमध घडी घातली. एकशे बारांपैकी एक घडी जरी तिरकी निघाली तर नाव बदलीन."

"अहो, पण उजवी बाजू?"

"आहे की मागे. एक अक्षरही गेलेलं नाही."

रागवायचं तरी कुणावर? लिफ्टवाल्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, नाहीतर तिने बुधवारीच पाहिलं असतं. साहेबांना कळलं तेव्हा ते खुर्चीत ताठ झाले आणि "आधी उतरवा ते सगळं!" म्हणून ओरडले. ओरडताना उजव्या हाताने त्यांनी डावं कोपर झाकलेलं होतं. त्यांच्या कोपराला जन्मखूण होती, आणि गेल्या महिन्यापासून तेही लांब बाह्यांत होते.

दुपारभर नवरा-बायको स्कूटरवरून इमारती पालथ्या घालत होते. एकसष्ट पत्रकं उतरवून झाली आणि चारच्या सुमाराला पत्रकबाईचा फोन वाजला.

"अगं पोरी, मी मावशी बोलतेय. कोपर, कोपर! ओळखलंस? तुझी सासू माझ्याकडे आलीये. घाबरू नकोस हं, आम्ही दोघींनी झुळूक घेतलीये. फारच छान वाटतंय." आणि फोन बंद.

पत्रकबाईने नवऱ्याला स्कूटर वळवायला लावली. सासूबाई हृदयाच्या गोळ्या घेत होत्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. 'हृदयाचं दुखणं असलेल्यांच्या जिवाला धोका' हे वाक्य तिने स्वतः लिहिलं होतं, तेही लाल अक्षरांत, आणि एकशे बारा लिफ्टमध्ये ते भिंत वाचत होती. सासूबाईंना काही झालं तर ते आपल्या हातून झालं, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात घण घालत होती. स्कूटरवर मागे बसून ती रडत होती आणि नवऱ्याला कळू नये म्हणून शिंकल्यासारखं करत होती.

मावशीचं घर सहाव्या मजल्यावर. खाली लिफ्टच्या दारावर पाटी होती, "दुरुस्ती चालू आहे".

"ही कुणी लावली?" ती ओरडली.

"मी," नवरा म्हणाला. "सकाळी. एक भाग यायचाय."

तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्याची आठवण नवरा अजून काढतो. दोघं धापा टाकत सहा मजले चढले. दार उघडंच होतं.

घरभर दोऱ्यांनी बांधलेली खोकी होती. गुंडाळून ठेवलेल्या गादीवर दोन म्हाताऱ्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या, आणि मावशी बॅटरीच्या उजेडात सासूबाईंचं कोपर निरखत होती.

"आला का गं डाग?" सासूबाईंनी विचारलं.

"हिरवा नाही. पण मळ आहे."

यावर दोघी इतक्या हसल्या की सासूबाईंच्या नव्या कवळीचा वरचा भाग सुटला. तो जागेवर बसवत त्या सुनेला म्हणाल्या, "ये, ये. डाव्या कानात गुणगुण सुरू झालीये बघ. अगदी तुझ्या पत्रकात लिहिलंय तश्शी!" त्यांच्या डावीकडे मावशीचा जुना फ्रिज घरघरत होता.

"आई, काय घेतलंत? किती घेतलंत? कधी घेतलंत?"

सगळं हळूहळू बाहेर आलं. नवी कवळी आणायला सासूबाई दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तिथल्या लिफ्टमध्ये त्यांनी सातवा मुद्दा वाचला. 'जुनी भांडणं विसरायला होतात', शिक्क्यासकट! सून म्हणते काहीतरीच, आणि सुनेचंच ऑफिस म्हणतं तपासून प्रसिद्ध. त्यांनी ऑफिसवर विश्वास ठेवला. तळमजल्यावरच्या औषधवाल्याकडून कागदाच्या पुडीत चार गोळ्या घेतल्या आणि मजल्यामजल्यावर दम खात थेट बहिणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी म्हटलं, हे बघ, मी काही समेटाला आलेली नाही. ही गोळी घे, मीही घेते, पुढे जे होईल ते गोळीच्या जबाबदारीवर."

पत्रकबाईने सासूबाईंचं मनगट धरलं. नाडी पंच्याहत्तर, घड्याळासारखी. तिची स्वतःची एकशे वीसच्या खाली नसावी. तिने मनातल्या मनात उजवी बाजू उघडली. तोंडाला कोरड? दोघी लाळ गिळत बोलत होत्या. छातीत धडधड? नाही. वेळेचं भान?

"आई, घड्याळ न बघता सांगा. किती वाजले असतील?"

"साडेचार झाले असतील. चहाची वेळ होत आली," सासूबाई म्हणाल्या. भिंतीवर चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

पत्रकबाईच्या नाकपुड्या फुगल्या. तिने पुडीत उरलेल्या दोन गोळ्यांपैकी एक उचलून उजेडात धरली. एवढ्यात दुसरी गोळी नवऱ्याने उचलून तोंडात टाकलीसुद्धा.

"अहो!"

"अगं," तो चोखत म्हणाला, "ही तर घसा धरला की तू मला देतेस तीच. पुदिन्याची. खोकल्याची!"

तिने औषधवाल्याला फोन लावला. तो बिचारा रडकुंडीला आला होता. "बाई, काय करू सांगा! सकाळपासून साठ जण आले. नाही म्हटलं तर भांडतात, सरकारी कागद दाखवतात. शेवटी खोकल्याच्या गोळ्यांची वेष्टनं काढली आणि म्हटलं, घ्या, हीच ती, कुणाला सांगू नका." मग पत्रकबाईने शेवटची गोळी स्वतः चाखली. पुदिना, साखर, बाकी काही नाही. नवरा, औषधवाला आणि ती, तीन तोंडं झाली. नियमाप्रमाणे गोष्ट पक्की.

तिला इतकं हलकं वाटलं की ती मटकन एका खोक्यावर बसली. आणि मग तिने समोर पाहिलं.

दोघी बहिणी हातात हात घेऊन बसल्या होत्या. मावशी लहानपणची कसलीशी गोष्ट सांगत होती, सासूबाईंनी ती मधेच हिसकावून पुढे नेली, आणि दोघींनी शेवटचं वाक्य एकदम म्हटलं. अकरा वर्षांत पत्रकबाईने सासूबाईंना असं हसताना पाहिलं नव्हतं. हे तिला आता मोडायचं होतं? तिने नवऱ्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"सांगू नकोस," नवरा कुजबुजला. "दोन दिवसांचा प्रश्न आहे. रविवारी गाडी सुटेपर्यंत राहू दे की झुळूक."

खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच पत्रकबाईला वाटलं की गप्प बसावं. तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

तेवढ्यात बाहेरून मावशीची हाक आली. "पोरी, मला सोबत न्यायला दोन डझन मागवून ठेव गं! तिकडे मिळते न मिळते."

"आणि मला रोजची एक," सासूबाई म्हणाल्या. "औषधवाल्याकडच्या संपल्या तर बस थांब्यामागे एक माणूस उभा असतो म्हणे. त्याच्याकडची चांगली कडक असते."

झालं, प्रश्नच मिटला. पत्रकबाई बाहेर आली, दोघींसमोर खोक्यावर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. घडी, उजवी बाजू, औषधवाला, खोकला.

मावशीने हळूच आपला हात सोडवून घेतला.

"म्हणजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "मघापासून मी जे काही बोलले..."

"ते तुम्हीच बोललात, आई."

"शुद्धीत?"

"पूर्ण शुद्धीत."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे हिला मी शुद्धीत माफ केलं? या कोपराला?"

"मला माफ केलं?" मावशी ताडकन म्हणाली. "मी तुला माफ केलं! दार उघडल्या उघडल्या तू रडायला लागलीस."

"मी गोळी घेतल्यावर रडले!"

"गोळी अजून पुडीत होती, ताई. पुडी सोडवत नव्हती तुला, म्हणून मी सोडवून दिली."

"सोडवताना तुझे हात थरथरत होते. माझे नाही!"

एकमेकींना माफ केल्याचा आरोप दोघी अशा काही त्वेषाने करत होत्या की फोटोचं भांडण त्यापुढे काहीच नव्हतं. तू माझा पापा घेतलास. खोटं, तूच गाल पुढे केलास. शेवटी सासूबाई उठल्या, पिशवी घेतली, दाराशी गेल्या आणि एक चप्पल पायात घातली. खऱ्याच्या नादापायी पत्रकबाईने अकरा वर्षांची बावीस वर्षं करून ठेवली होती, आणि बावीस वर्षं यांतल्या कुणाकडेच नव्हती.

दुसरी चप्पल काही केल्या पायात जाईना. सासूबाई दाराकडेच तोंड करून म्हणाल्या, "मी काय काय म्हणाले गं मघाशी?"

मावशीने खोक्याच्या दोरीची गाठ उगाच घट्ट केली. "तू म्हणालीस, अकरा वर्षांत सगळ्यांशी भांडून पाहिलं, पण कुणाला भांडताच येत नाही. सूनसुद्धा लगेच हो म्हणते. मजा नाही." मावशीने गाठ पुन्हा सैल केली. "आणि म्हणालीस, जाऊ नकोस."

"असं म्हणाले?"

"दोनदा."

"ते त्या गोळीमुळे म्हणाले असेन."

"गोळी खोकल्याची होती, ताई."

सासूबाईंनी खाली पाहिलं. एक पाय चपलेत, एक पाय फरशीवर. मग त्यांनी पायातली चप्पलही काढली.

"मग मला खोकला झाला असेल," त्या म्हणाल्या आणि येऊन गादीवर बसल्या. "आहे का आणखी एखादी?"

नव्हती. शेवटच्या दोन नवरा-बायकोच्या पोटात गेल्या होत्या. नवरा न सांगताच सहा मजले उतरून गेला आणि अख्खं पाकीट घेऊन पुन्हा सहा मजले चढून आला.

मावशी रविवारी गेली. जाण्याआधी स्टेशनवर सासूबाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, पत्रकबाईच्या नवऱ्याच्या हातात मोबाइल दिला, आणि तो बटण दाबणार एवढ्यात केस सारखे करायला हात वर केला. आता बाहेरच्या खोलीत दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्यात मावशी आहे असं कुणी म्हणणार नाही.

नवं पत्रक वीतभर रुंद झालं. नवऱ्याने एकशे बारा चौकटींचं माप स्वतः घेतलं. मुद्दे आता एकाखाली एक होते, आणि "गैरसमज" हा शब्द पत्रकबाईने साहेबांना न विचारता छापून टाकला. त्याच धडाक्यात ती साहेबांना लांब बाह्यांबद्दलही चार शब्द बोलली. सोमवारी ते अर्ध्या बाह्यांत आले. सातव्या मुद्द्याशी मात्र त्यांचं बोट थांबलं. "झुळुकेने जुनी भांडणं विसरायला होत नाहीत," त्यांनी वाचलं. "हे नक्की का?"

"नक्की, साहेब," पत्रकबाई म्हणाली. "आमच्या घरात एकही विसरलेलं नाही."

लिफ्टमधली माणसं ते वाचतात की नाही कोण जाणे. पत्रकबाईच्या घरी दर रविवारी चार वाजता सासूबाई फोनपाशी खुर्ची ओढून बसतात. घसा साफ केल्यासारखं एकदा मोठ्याने खोकतात, सून ऐकतेय ना ते बघतात, पुदिन्याची गोळी तोंडात टाकतात आणि बहिणीचा नंबर लावतात.

"हां, ताई बोलतेय. जरा खोकला होता, म्हणून फोन केला."

पलीकडून मावशीच्या खोकल्याचा आवाज येतो, आणि तासभर दोघी कडाडून भांडतात.